टाकी नसलेली गाडी

४ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद. ते राग आला म्हणून परत घेता येत नाहीत, त्यामुळे आधी देऊन टाकते आणि मग बोलते.

तुम्ही फोन उचलत नाही ते एका परीने बरंच झालं. फोनवर तुम्ही "वहिनी, मीटिंग आहे" म्हणून मध्येच कटवता. पत्राला कसं कटवाल? फार तर फाडाल, पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, फाडण्याआधी वाचाल. घरचा नवा पत्ता तुम्ही कळवलेला नाही, म्हणून कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. वर मोठ्या अक्षरात "खासगी" लिहिलंय. आता सगळं ऑफिस आधी तेच उघडेल.

इकडे सगळं झकास आहे. कारखाना नीट चालू आहे. तीन मशिनींपैकी एक सध्या बंद ठेवलीय, ती आपली देखभालीसाठी. मशीनवरचे आपले फुगेवाले काका मजेत आहेत. त्यांना हे नाव तुम्हीच ठेवलंत, आठवतं? मी नवीन लग्न होऊन आले होते. मशीनमधून तापलेल्या प्लास्टिकची नळी खाली उतरायची, साचा मिटायचा, काका आत हवा सोडायचे आणि साचा उघडला की पेट्रोलची टाकी तयार. तुम्ही शाळेतून दप्तरासकट तिकडे पळायचात आणि गल्लीभर सांगत सुटायचात की आमचे काका गाड्यांचे फुगे फुगवतात. काका आता थकलेत, पण त्या नावाने हाक मारली की अजून हसतात.

लेक कॉलेजात जायला लागल्यापासून आम्हाला उठता-बसता शिकवते. परवा जेवताना तुमच्याबद्दल म्हणाली, "काका तेल जाळणं बंद करायला निघालाय आणि बाबा त्याच तेलाचं प्लास्टिक करतात. एका घरातले दोघं, एक इकडे ओढतो आणि एक तिकडे." हे म्हणाले, "जेव मुकाट्याने." पण उठून गेले नाहीत. पूर्वी तुमचं नाव कुणी काढलं तरी उठायचे. ही प्रगती समजा.

त्या दिवशीचं मी उगाळणार नाही. उगाळणार नाही म्हणतेय, पण एक सांगतेच. तुम्ही नव्या नोकरीची बातमी घेऊन आलात, फोनवर ती विजेची गाडी दाखवलीत. यांनी चष्मा लावून नीट बघितली आणि विचारलं, "टाकी कुठे बसवतात?" तुम्ही हसलात. "टाकीच नाही, दादा!" तुम्ही वाईट हसला नाहीत, नोकरी लागलेला माणूस कशालाही हसतो. पण ज्याने जन्मभर टाक्याच केल्या त्याच्या जागी बसून ते हसणं ऐका एकदा. पुढचं "माझ्या पोटावर पाय देतोस" आणि "तुझ्या टाक्यांसाठी जग थांबणार नाही" आणि "मग जा, जगाकडेच जेव" हे सगळं त्या हसण्यामागून आलं. तुम्ही ताटावरून उठलात ते गेलातच. दोन वर्षं होत आली.

असो. सहज विचारते, तुमच्या गाडीत प्लास्टिकच्या बाटल्या-बिटल्या लागतात का काही? लागत असतील तर कुणाकडून घेता? अगदी सहज.

तुमची वहिनी


२७ जानेवारी

भाऊजी,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यासमोर धरलं, काही नाही. नुसतं एक ड्रॉइंग, आणि नमुना कधीपर्यंत पाठवायचा ते सांगणारा छापील कागद. दोन ओळी लिहिल्या असत्यात तर हात झिजला नसता तुमचा. तरी मी खूश आहे. पत्र फाडलं नाहीत एवढं तरी कळलं.

लेकीने वाचून सांगितलं की बॅटरी थंड ठेवायला आत पाणी फिरतं आणि ही त्या पाण्याची बाटली. म्हटलं, ही तर आपली मशीन डोळे मिटून करेल. फक्त एक अडचण होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तुमच्या कंपनीचं नाव होतं. ते बघितलं असतं तर यांनी ड्रॉइंग तसंच घडी करून मला परत दिलं असतं. म्हणून मी तो कोपरा कात्रीने उडवला आणि म्हटलं, पाण्याचे पंप करणाऱ्या एका कंपनीकडून चौकशी आलीय.

"कोपरा कुठे गेला?"

"उंदराने खाल्ला."

"पट्टी लावून खाल्लेला दिसतो," एवढंच बोलले आणि ड्रॉइंग घेऊन मशीनकडे गेले.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात देखभालीचं लिहिलं होतं ती मशीन देखभालीला नव्हती. तिला काम नाही. दुसरीही आता चार दिवस चालते आणि चार दिवस झाकून ठेवतो. आपण ज्यांना टाक्या देतो त्या गाडीवाल्यांनी कळवलंय की त्यांच्याही पुढच्या गाड्या विजेच्या. त्यांचा माणूस बोलायला आला होता तो बिचारा चहाही पूर्ण न पिता गेला. कारखान्यात आता फुगेवाले काका धरून मोजकीच माणसं उरलीत. बाकीच्यांना यांनी स्वतः दुसरीकडे चिकटवून दिलं, आणि प्रत्येकाला सोडायला फाटकापर्यंत गेले.

खुशीत आहे तो फक्त दाणेवाला. प्लास्टिकच्या दाण्याच्या गोण्या उतरवायला आला आणि खुर्ची ओढून बसलाच. "वहिनी, तेलवाले आता आमच्या मागे फिरतात. गाड्या तेल कमी पिणार म्हटल्यावर ते तेल जाणार कुठे? सगळ्याचा दाणा करायचाय त्यांना. तुम्ही टाक्यांचा नाद सोडा, पाण्याच्या पातळ बाटल्या करा. प्यायची आणि फेकायची. मरण नाही त्या धंद्याला."

"हो ना, मरण नाहीच," लेक म्हणाली. "नाल्यात बघा, हजार वर्षं तशाच राहतील."

मला वाटलं हे तिला ओरडतील. पण हे दाणेवाल्याला म्हणाले, "माझी टाकी गाडी आहे तोवर गाडीला चिकटून असते. चार घोट पिऊन फेकायची वस्तू माझ्या साच्यातून निघणार नाही. कारखाना बंद करीन." आणि ते नुसतं तोंडाने म्हणणारे नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

तेव्हा तुमची ही बाटली म्हणजे काय आहे ते लक्षात आलं ना? एका बाटलीवर तीन मशिनी चालणार नाहीत हे मलाही कळतं. पण एक चालली तर काकांना घरी बसावं लागणार नाही, आणि यांना सकाळी उठून जायला जागा राहील. मला तेवढंच हवंय.

वहिनी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

नमुने आज पाठवले. घाईत लिहितेय, खोकी भरून हात दुखतायत.

तुम्ही बघायला हवं होतं. जुन्या एका साच्याला हे आणि काका आठवडाभर घासत बसले होते. पहिला नग निघाला तो यांनी हातात घेतला आणि बराच वेळ फिरवून फिरवून बघितला. मग हौदात बुडवून आत हवा भरली. एक बुडबुडा नाही. मग पाणी भरून कारखान्याच्या छपरावरून खाली टाकला. टाक्या टाकायचो तशाच. मी कानावर हात ठेवले होते. बाटली फरशीवर आपटली, उडाली, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. काकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी ती उचलली, अंगठ्याने सगळ्या कडा दाबून पाहिल्या आणि पुन्हा छपरावर चढले. मी म्हटलं, "अहो, पंपाची बाटली आहे, छपरावरून कोण टाकणार तिला?" तर म्हणाले, "तू खाली उभी राहू नकोस."

एकही फुटली नाही. किती दिवसांनी हे जेवताना काही गुणगुणत होते, ते काय होतं ते त्यांनाही कळलं नसेल.

लवकर कळवा. दोन ओळींचं कर्ज आहे तुमच्यावर, विसरू नका.

वहिनी


६ मार्च

भाऊजी,

आज आशीर्वाद वगैरे काही नाही.

"वजन ठरलेल्यापेक्षा फार जास्त. नमुना नामंजूर." आणि खाली सही तुमची. बाकी एक शब्द नाही. दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगायची होती सही! एवढ्या मोठ्या कंपनीत पेन धरणारा दुसरा हात नाही?

तुम्हाला दोन ओळी लिहा म्हटलं तर तुम्ही बरोब्बर दोनच लिहिल्या. कौतुक आहे.

भिंत जाड झाली म्हणता. अहो, जाडच करतात ना! पातळ टाकी म्हणजे यांच्या लेखी पाप आहे. या घरात कधी कुणी पातळ टाकी केली? तुमचं कॉलेज त्या जाड टाक्यांवर झालं. लेक मला समजावत होती की विजेची गाडी आधीच बॅटरीने जड असते, प्रत्येक वस्तूतलं थोडं थोडं वजन काढलं तरच ती लांब जाते, काकाचं बरोबर आहे. मी तिला म्हटलं, तू काकाची वकील असशील तर त्याच्याकडेच राहायला जा. ती रडली. मग मीही रडले. आता डोकं दुखतंय.

महिनाअखेरीला टाक्यांची शेवटची गाडी जाईल. त्यानंतर आमच्याकडे काम नाही. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण तुमच्या मनात दया नको होती मला. आता दया काय आणि दुसरं काय, काहीच दिसत नाही, तेव्हा सांगून टाकते.

यांना अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू? मीच नाव लपवलं. विजेच्या गाडीची बाटली आहे हे माहीत असतं तर त्यांनी वजनाचा विचार केला असता. चूक माझी, आणि सही तुमची, आणि मधल्या मध्ये मार बसला त्यांना.

तुम्हाला पुन्हा लिहिणार नाही.


९ मार्च

भाऊजी,

लिहिणार नाही म्हटलं होतं, ते सोडून द्या. माझा राग दुधासारखा आहे, वर येतो तेवढ्यात खाली बसतो. आणि आता जे सांगायचंय ते तुम्हाला न सांगता मला राहवणार नाही.

काल हे सहज म्हणून विचारत होते की पंपवाल्यांचं काही कळलं का. मी म्हटलं, "नामंजूर झाली." खाली मान घालून भाजी चिरत राहिले. तर हे म्हणाले, "होणारच होती. त्या गाडीत वजनाचं फार बघतात."

"कुठल्या गाडीत?"

"तुझ्या उंदराच्या."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. म्हटलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, पहिल्याच दिवशी. ड्रॉइंगवर पाणी किती तापणार ते लिहिलेलं असतं, माझ्यासारखीला ते काय समजणार. इंजिनाच्या गाडीत पाणी उकळायला येतं, बाटलीला ते सोसावं लागतं. तुमच्या ड्रॉइंगवर जेमतेम आंघोळीच्या पाण्याएवढं लिहिलं होतं. "एवढी थंड गाडी एकच, विजेची. आणि आपल्याला तिचं ड्रॉइंग पाठवणारा जगात एकच माणूस आहे."

"मग कळलं होतं तर जाड का केलीत? पातळ करता येत नाही का आपल्याला?"

"येते की. काका डोळे मिटून करतील."

"मग?"

भाऊजी, यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, उठून जाणार. मग म्हणाले, "त्या गाडीत तो बसतो. खाली एवढी मोठी बॅटरी, आणि तिच्यावर हा बसणार. पाणी गळलं आणि ती तापली तर? मला त्या गाडीतलं काही कळत नाही गं. मला एवढंच कळतं की जाड भिंत फुटत नाही."

छपरावर का चढत होते ते मला तेव्हा समजलं.

मी तुम्हाला परवा वाट्टेल ते बोलले. तुम्ही बरोबर होतात. भावाची बाटली म्हणून डोळेझाक केली असतीत तर ती गाडीही फसली असती आणि हेही तुमच्याकडे कधी वर मान करून बघू शकले नसते. ते स्वतः तसंच म्हणाले, "सही केली ते चांगलं केलं. माझ्याकडे शिकलाय." लेकीची मी माफी मागितली. आता तुमची मागते.

पण एक करा. या. पत्र नको, फोन नको, ड्रॉइंग नको. मशीनपाशी येऊन उभे राहा आणि यांना सांगा की भिंत किती पातळ चालते आणि का चालते. माझं ते ऐकणार नाहीत, लेकीचं ऐकणार नाहीत. पातळ बाटली तुमच्यासाठी धोक्याची नाही हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय. ते हे कधी म्हणणार नाहीत, मी म्हणतेय.

वाट बघते.

वहिनी


३० मार्च

भाऊजी,

नीट पोचलात ना? गाडीला मध्ये चार्ज करावं लागलं का? मला आपली उगाच काळजी.

तुम्ही जाताना तुमचा चेहरा उतरलेला होता, तो मी पाहिला. दिवसभर दोघं मशीनपाशी उभे होतात आणि दोघांच्या तोंडात मिलिमीटरशिवाय शब्द नाही. हे तुम्हाला "साहेब, पाणी घेणार?" विचारतायत आणि तुम्ही "नको, ठीक आहे" म्हणताय. काकांनी मला खूण केली, हे काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, बोलू द्या मिलिमीटर, निदान बोलतायत. तुम्ही बाटली कापून भिंत दाखवलीत, त्यांनी बोटांत धरून वाकवली, तुम्ही पुन्हा आकडा सांगितलात. पातळ नग निघाला तेव्हा यांनी तो छपरावरून टाकला नाही, हे तुम्हाला खटकलं असेल. मला कारण माहीत आहे. तो फुटेल या भीतीने त्यांचा पाय वर जात नव्हता. मग तुम्हीच चढलात आणि बाटली टाकलीत. नाही फुटली. हे काहीच न बोलता आत हात धुवायला गेले आणि तुम्हाला वाटलं, झालं, दादा अजून तिथेच आहे. दारात तुम्ही म्हणालात, "एक चक्कर मारू या का गाडीतून?" तर म्हणाले, "काम आहे." मला तर चिमटा काढावासा वाटला त्यांना.

पण तुम्ही जे पाहिलं नाहीत ते सांगायला हे पत्र लिहितेय.

तुम्ही आत जेवायला बसला होतात आणि लेक तुम्हाला वाढत होती. मी यांना बोलवायला म्हणून बाहेर आले. हे अंगणात नव्हते, कारखान्यात नव्हते. तुमच्या गाडीत होते. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, दार लावून घेतलेलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग एक हात उचलला आणि समोरच्या फळीवर बोटाने टकटक केलं. मग दारावर. मग खालच्या कप्प्यावर. खिडकीची कड, सीटची बाजू, डोक्यावरचं छत, जिथे हात पोचेल तिथे टकटक. आवाज ऐकून कुठला दाणा वापरलाय ते त्यांना कळतं, तुम्हाला माहीत आहे.

मी काचेवर वाजवलं. त्यांनी दार उघडलं आणि लहान मुलासारखे हसले. दोन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

"अगं, सगळं प्लास्टिकच आहे की," म्हणाले. "इथपासून तिथपर्यंत."

"मग? गाडी कशाची असणार?"

"नाही, मला वाटलं होतं..." आणि थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाकीच नाही म्हणून हसला ना तो, तेव्हा मला वाटलं, याच्या गाडीत आता आपलं काहीच लागणार नाही."

भाऊजी, ते टाक्यांसाठी भांडले नव्हते. मलाही इतके दिवस वाटत होतं की टाक्यांसाठीच भांडले. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, चला, जेवण गार होतंय.

ऑर्डरचं तुमची कंपनी काय ठरवेल ते ठरवेल. त्यासाठी तुम्ही कुणाकडे शब्द टाकायचा नाही, अशी यांची सक्त ताकीद आहे. टाक्यांची शेवटची गाडी काल गेली. काकांनी साचा पुसून तेल लावून कोपऱ्यात ठेवला आणि आज सकाळी दोघं पुन्हा तुमच्या बाटलीला लागले. दाणेवाला डोकावून गेला. यांना पातळ बाटली करताना पाहून त्याला वाटलं की हे ताळ्यावर आले. लेकीने त्याला एवढं सुनावलं की तो चहा न घेताच गेला.

आत्ता हे समोर बसलेत. मी काय लिहितेय ते बघत नाहीत असं दाखवतायत. मी विचारलं, "भाऊजींना काही लिहू का तुमच्याकडून?" आधी "काही नको" म्हणाले. पान भरत आलं तेव्हा घसा साफ केला.

"लिही, तो म्हणतो तेवढी पातळ करतो. पण त्याला म्हणावं, गाडी हळू चालव."